राऊतताईंची डबी

कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी मी राऊतताईंकडे पाणी मागितलं होतं. बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, उसाच्या मधोमध उभं असलेलं आमचं इंजिनीअरिंग कॉलेज. मे महिन्याची दुपार होती आणि मी पुण्याहून आलेला नवा सहायक प्राध्यापक. इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या दाराशी, साडीवर निळा एप्रन चढवलेली एक बाई स्टुलावर बसून सोल्डरिंग करत होती. मी म्हणालो, "मावशी, जरा पाणी देता का?" तिनं मान वर केली नाही. हातातला सांधा पुरा केला, त्यावर फुंकर घातली आणि मग म्हणाली, "पाणी कूलरमधी हाय. मी लॅबमधी हाय. आन मी मावशी न्हाय, मला आडनाव हाय. राऊत."

मला तेव्हा ती बाई उद्धट वाटली. चार-सहा महिन्यांत कळलं की उद्धटपणा माझा होता. आपल्याकडच्या कॉलेजांत शिकवत नसलेली प्रत्येक बाई मावशी असते. तिला काय येतं, ती काय शिकली आहे, हे विचारायची गरज कुणाला पडत नाही. विमल राऊत यांनी आयटीआय केलं होतं, त्यांच्या तुकडीत त्या एकट्याच मुलगी होत्या. कॉलेजच्या कागदावर त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं होतं, म्हणजे टेबलं पुसायची आणि उपकरणं कपाटातून काढून द्यायची. प्रत्यक्षात त्या लॅबमधलं एकही यंत्र त्यांचा हात लागल्याशिवाय चालू नव्हतं. कंपनीचा माणूस यायला महिना लागायचा, राऊतताईंना जेवणाची सुट्टी पुरायची.

मुलं बंद पडलेली सर्किटं घेऊन त्यांच्याकडे जायची. त्या आधी सर्किट नाकाशी न्यायच्या. "आधी वास घ्या, मग मीटर लावा," असं त्यांचं ठरलेलं सांगणं. जळालेल्या भागाचा वास कुठून येतो ते दाखवायच्या आणि दुरुस्ती मात्र मुलांकडूनच करून घ्यायच्या. एखाद्यानं घाई केली तर म्हणायच्या, "तुला मार्क पायजेत का चालू पायजे? मार्क पायजे असतील तर सरांकडं जा." हे माझ्यासमोर म्हणायच्या. मला हसावं लागायचं.

प्रोग्रामिंग त्या स्वतःच शिकल्या. वर्ष संपलं की मुलं प्रॅक्टिकलच्या वह्या टाकून जातात. त्यांतल्या छापील प्रयोगांवरून त्यांनी एकेक ओळ टाइप करून पाहिली होती, आणि मागची कोरी पानं स्वतःच्या टिपणांसाठी वापरली होती. अशा वह्या त्यांच्या कपाटात ओळीनं लावलेल्या असत. मी एकदा सहज एक उघडली. अक्षर मोठं, गोल, शाळकरी. वर लिहिलं होतं, 'कुकर, पाच लिटर, रबर जुनं, तूरडाळ. शिट्टी घोगरी.' पुढच्या पानावर दुसरा कुकर, तिसऱ्यावर तिसरा. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "रविवारी घरी या जेवायला. तितं दाखवते."

राऊतताई निमगाव केतकीला आईबरोबर राहायच्या. लग्न झालं होतं, ते टिकलं नव्हतं, त्याबद्दल त्या बोलत नसत आणि मी विचारलं नाही. आई सोनाबाईंनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीच्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू गेले. मी गेलो तेव्हा त्यांना समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश बोललेलं कळायचं, बाकी काही नाही. स्वतः मात्र खणखणीत बोलायच्या, गिरणीच्या पट्ट्यावरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं.

स्वयंपाकघराच्या छताला डाळीचा पिवळा डाग होता. एकदा सोनाबाई शेगडीकडं पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, पाणी आटलं, झडप उडाली आणि डाळ वर गेली. सोनाबाईंना पाठीवर चटका बसला तेव्हा समजलं. खाली गॅस तसाच जळत होता. ताई तेव्हा कॉलेजात होत्या. शेजारणीनं फोन केला तेव्हा त्या आमच्याच एका प्राध्यापकांच्या केबिनमधला पंखा दुरुस्त करत होत्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते भिंतीवर लावलेलं होतं. प्रवासात नेतात तसली प्लॅस्टिकची साबणाची डबी. "हिला भोकं आधीच असत्यात, हवेची सोय झाली," ताई म्हणाल्या. आत एक छोटा माइक आणि बोटाच्या दोन पेरांएवढं कॉम्प्युटरचं सर्किट. डबी शिट्ट्या मोजायची. प्रत्येक शिट्टीला सोनाबाईंच्या समोरच्या भिंतीवरचा लाल दिवा लागायचा, आणि ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की एक लहानशी मोटर शेगडीचं बटण फिरवून गॅस बंद करायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण पहिली डबी मिक्सरला शिट्टी समजायची. दुसरी रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्न मोजायची. ऊस तोडणीच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागायची, तेव्हा डबी कुकर शेगडीवर नसतानाही आठ-आठ शिट्ट्या मोजून मोकळी व्हायची. मग ताईंनी गावातल्या घराघरांतून कुकर ऐकायला सुरुवात केली. बायका स्वयंपाक करायच्या आणि या ओट्याशी फोन धरून आवाज टिपायच्या. "परत्येक कुकरचा गळा येगळा," असं त्या म्हणायच्या. जुन्या रबराचा घोगरा, नव्याचा कर्कश, भाताचा ओला, डाळीचा जड. दोन वर्षं हे चाललं. लोक हसले असतील. वही मात्र भरत गेली.

आणि मग त्यांना जे सापडलं, ते आमच्या विभागातल्या एकालाही सापडलं नसतं, मी धरून. शिट्टी होण्याआधी कुकर फुसफुसतो. ती फुसफुस वाढत वाढत जाते आणि मग शिट्टी फुटते. मिक्सर एकदम सुरू होतो, हॉर्न एकदम वाजतो, गाणं कसंही वाजतं, पण असं चढत येत नाही. "शिट्टी ऐकू नका सर," त्या मला म्हणाल्या, "शिट्टीच्या आधीचं ऐका." डबीला त्यांनी तेच शिकवलं होतं. माझी मदत एवढीच की, आवाजाचे बारीक तुकडे करून त्यातला चढउतार कसा मोजायचा ते मी त्यांना एका दुपारी दाखवलं. एक दुपार. त्यांची दोन वर्षं. हे प्रमाण वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, कारण पुढं सरकारी कागदावर ते उलटं झालं.

डबी आईसाठी होती, पण ती आईपाशी थांबली नाही. शेजारच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली आणि सून शेतात, तिथं एक गेली. कोऱ्हाळ्याला मावसबहिणीला एक दिली. मागणाऱ्या वाढल्या. ताई रविवारी बसून डब्या करायच्या आणि स्वतः जाऊन भिंतीला लावून यायच्या. एकोणीस स्वयंपाकघरांत त्या डब्या होत्या. कुणाच्या घरी, कोणत्या तारखेला, कुकर केवढा, रबर कसं, सगळं वहीत.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. ज्यांना कॉलेजातलं वातावरण ठाऊक नाही त्यांना सांगतो: समिती गुण देते, गुणांवर दर्जा ठरतो, दर्जावर विद्यार्थी येतात. या गुणांत पेटंटांनाही गुण असतात. वरून हुकूम आला की प्रत्येक विभागानं पाच पेटंट दाखवायची. पाच शोध लावा असं कुणी म्हणालं नाही. पाच दाखवा. मग पंधरा दिवस आमच्याकडे शोधांचा पूर आला. हात लावताच झाकण उघडणारी कचरापेटी, हजेरी घेणारं दार, फोनवरून लागणारा पंखा. जी उपकरणं दुकानात मिळत होती त्यांची चित्रं काढून ती नव्या नावानं अर्जात बसवली गेली. एका चित्राखाली मूळ कंपनीचं चिन्ह पुसायचं राहून गेलं होतं, ते मी स्वतः पाहिलं.

आमच्या विभागप्रमुखांना ताईंची डबी लॅबमध्ये दिसली. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे मस्त आहे. हे खरंच चालतं." शेवटचं वाक्य त्यांनी आश्चर्यानं म्हटलं, कारण बाकीची चार चालत नव्हती. अर्ज तयार झाला. शोधक म्हणून सात नावं: संचालक, विभागप्रमुख, संशोधन विभागाचे अधिष्ठाता, तिघे प्राध्यापक आणि शेवटी मी. अधिष्ठात्यांनी ती डबी तोवर पाहिलेलीही नव्हती. एका प्राध्यापकांना बढतीसाठी एक पेटंट कमी पडत होतं, ते आयत्या वेळी आत आले.

मी विचारलं, "राऊतताईंचं नाव?"

"त्या नॉन-टीचिंग," विभागप्रमुख म्हणाले. "त्यांच्या नावाला गुण नाहीत. जागा कशाला अडवायची?"

"पण सर, केलंय त्यांनी."

"जुळणी केली आहे. कल्पना संस्थेची. लॅब संस्थेची, पगार संस्थेचा. सही करा, दुपारी पाठवायचंय."

त्या कागदावर छापलेलं असतं की आम्हीच या शोधाचे खरे आणि पहिले शोधक आहोत. मी ते वाचलं. वाचून सही केली. माझी नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती, घरात लहान मुलगी होती, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज देत नाही. खोटं आहे हे माहीत असताना सही केली, एवढंच खरं.

अर्ज दाखल झाला आणि काही काळानं नियमाप्रमाणे पेटंट कार्यालयाच्या पत्रिकेत छापून आला. कुणाचाही अर्ज छापून येतो. अर्ज छापून येणं म्हणजे पेटंट मिळणं नसतं, जसं नोकरीचा अर्ज टपालात टाकणं म्हणजे नोकरी नसते. हे आमच्या संचालकांना उत्तम माहीत होतं. तरी फाटकावर फ्लेक्स लागला, 'पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली गोलांमध्ये सात चेहरे, आणि मध्ये साबणाच्या डबीचा फोटो. ताई सकाळच्या एसटीतून फाटकाशी उतरल्या तेव्हा त्यांना कळलं. आदल्या दिवसापर्यंत त्यांना कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्या लॅबमध्ये आल्या, एप्रन घातला, पहिल्या तासाची उपकरणं मांडली. दुपारी मी समोर गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "सर, फोटोत तुमी हसताय." मी काहीतरी पुटपुटलो, की तो फोटो ओळखपत्राचा आहे, जुना आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

मूल्यांकन समिती आली. तीन पाहुणे, त्यांच्या मागे संचालक, मागे आम्ही. लॅबच्या मधोमध शेगडी, कुकर आणि डबी मांडलेली. ताईंना नवी साडी नेसून हजर राहायला सांगितलं होतं, कुकर लावायला माणूस हवं म्हणून. विभागप्रमुखांनी समजावून सांगितलं, "ही यंत्रणा आवाजाच्या पातळीवरून शिट्टी ओळखते." समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "घरात टीव्ही मोठ्यानं लावला असेल तर? मग तीही शिट्टी मोजली जाईल ना?" विभागप्रमुख हसले, म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि ताईंकडे पाहू लागले. मग संचालकांनी पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

ताई कुकरचं झाकण पुसत होत्या. त्या समितीच्या बाईंना म्हणाल्या, "हे सायबांनी शोधलंय. सायेब सांगतील."

लॅबमध्ये फक्त फुसफुस चालू होती. मला उत्तर येत होतं. ते दिलं असतं तर चोरी नीट झाकली गेली असती, आणि ते कुणाचं आहे हे सांगितलं असतं तर चोरी उघडी पडली असती. मी दोन्ही केलं नाही. तेवढ्यात शिट्टी झाली, लाल दिवा लागला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मंडळी पुढच्या लॅबकडे गेली. ते गुण मिळाले की नाही ते मला ठाऊक नाही. दर्जा मात्र वाढला.

चौथ्या दिवशी ताईंच्या हातात ज्ञापन पडलं. 'संस्थेच्या बौद्धिक संपदेची' अनधिकृत निर्मिती आणि वाटप ताबडतोब थांबवावं, आजवर वाटलेल्या उपकरणांची यादी सादर करावी, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई. ज्यांना डबीचं तोंड कुठल्या बाजूला हे सांगता आलं नसतं, त्यांनी ती करणाऱ्या बाईला ती करायची बंदी केली. बहिऱ्या आईच्या भिंतीवरची डबीसुद्धा त्या कागदाप्रमाणे अनधिकृत होती. मी अनेक अन्याय वाचले आहेत, वर्तमानपत्रात, पुस्तकांत. टेबलावर ठेवलेला, जावक क्रमांक घातलेला, दोन परिच्छेदांचा असा अन्याय मी पहिल्यांदा पाहिला.

मी ताईंना म्हणालो, "तुम्ही नावासाठी अर्ज करा. कायद्यात तशी सोय आहे. माझं नाव काढून तुमचं घालायला मी लेखी देतो."

त्यांनी मला खुर्ची दिली. त्या बोलल्या तेव्हा आवाज नेहमीइतकाच होता. "त्या सहा जणांच्या रांगंत मी बसू व्हय? आन मग काय, आमी सात मालक? उद्या शेजारची सखू म्हणली की माझ्या भैणीला एक डबी करून दे, तर मी संचालकांची परवानगी आणू? मला नाव नगं, सर. मला ती कुणाच्याच नावावर नगं. ज्याला लागंल त्यानं करावी."

त्यांनी सगळं आधीच वाचून काढलं होतं, लॅबच्याच कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. इंग्रजी अडलं तिथं शब्द वहीत उतरवून मुलांना अर्थ विचारले होते. पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही त्याला विरोध नोंदवू शकतो. आणि अर्ज करण्याआधीच ती वस्तू लोकांच्या वापरात उघडपणे असेल, तर ती नवी ठरत नाही आणि पेटंट मिळत नाही. एकोणीस स्वयंपाकघरं. तारखा वहीत.

त्यांनी बारामतीच्या एका वकीलबाईंकडून कागद तपासून घेतले, पण लिहिले स्वतः. मग बायकांची प्रतिज्ञापत्रं. निमगावच्या बायका एसटीनं इंदापूरला नोटरीकडे आल्या, मीही त्या दिवशी रजा काढून गेलो होतो. नोटरीनं एका आजींना विचारलं, "आजी, तारीख नक्की आठवती का? खोटं लिहिलं तर गुन्हा होतो." आजी म्हणाल्या, "माझ्या नातीच्या बारशाच्या दिशी लावली. पाव्हण्यांचा भात शिजत व्हता. डबी भिताडाला हाय, या बघायला, खोटं कशापायी बोलू." नोटरीनं शिक्का मारला.

ताईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सर, तुमीबी एक कागद द्या. खरं तेवढंच लिवा." मी हो म्हणालो, आणि चार महिने दिला नाही. कधी परीक्षा होत्या, कधी करार नवा व्हायचा होता. ताईंनी पुन्हा मागितला नाही. त्या लॅबमध्ये मला चहा द्यायच्या, मुलांच्या तक्रारी सांगायच्या, आणि त्या कागदाचं नावही काढायच्या नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी त्यांना दुसरं ज्ञापन आलं आणि लॅबमधून काढून वसतिगृहाच्या भांडारात बसवलं. गाद्या आणि बादल्या मोजायला. त्या दिवशी मी घरी गेलो आणि जेवणाआधी कागद लिहिला. दुसऱ्या दिवशी भांडारात नेऊन दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. मी लिहिलं होतं, 'सदर उपकरण प्रामुख्याने श्रीमती विमल राऊत यांनी तयार केले.'

"प्रामुख्यानं म्हंजे?" त्यांनी विचारलं. "अजून कोण व्हतं?"

"कुणी नव्हतं."

त्यांनी एप्रनच्या खिशातलं पेन काढून तो शब्द खोडला आणि कागद माझ्यापुढं धरला. "हितं बारकी सही करा. खाडाखोड केली की करावी लागती." मी केली. दुरुस्तीसारखं दुरुस्तीचं काम, त्यात त्यांना राग नव्हता. राग मला आला, माझाच. चार महिने घेऊन मी जे लिहिलं त्यातही एक शब्द लबाड होता.

पुढच्या जूनमध्ये माझा करार नवा झाला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मला बारामतीत दुसरीकडे काम मिळालं. ताई कायम नोकरीत असल्यानं त्यांना काढता येत नव्हतं. त्या गाद्या मोजत राहिल्या. रविवारी डब्या करत राहिल्या. ज्ञापनाचं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मागं लिवून दिलंय त्यांना. वाटलेल्या डब्यांची यादी मागितली व्हती, ती दिली. यादी वाढली की पुन्हा देईन."

ताईंनी दाखल केलेल्या विरोधाची सुनावणी कॉम्प्युटरवर झाली, निमगावला त्यांच्या घरी. लॅपटॉप माझा, आणि तो डब्यांच्या थप्पीवर ठेवलेला, चेहरा नीट दिसावा म्हणून. पलीकडे पेटंट कार्यालयाचे अधिकारी आणि कॉलेजचे वकील. सात शोधकांपैकी सहा जण आलेच नव्हते. सातवा मी, ताईंच्या शेजारी बसलेला. वकील म्हणाले की विरोध करणारी व्यक्ती केवळ परिचर आहे, तिनं वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे सुटे भाग जोडले. अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ताईंनी पदर सावरला. "साब," त्या म्हणाल्या, "जिसने सूचना दी, उसको पूछो, शिट्टी के पहले क्या होता है." वकिलांनी कागद चाळले. अधिकारी थांबले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग ताईंनी कॅमेऱ्यासमोर एकेक वही उघडून धरली, बारशाच्या तारखेसकट.

निकाल राखून ठेवला गेला. मध्ये पावसाळा गेला. दिवाळीनंतर ताईंना ताप येऊ लागला, अंगावर निळे डाग दिसू लागले. बारामतीच्या हॉस्पिटलात रक्ताचा आजार निघाला. दीड महिना. मी तीनदा भेटलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या पलंगाशेजारच्या सलाईनच्या यंत्राकडे बघत होत्या. "ह्याचा आवाज उगं मोठा ठिवलाय," म्हणाल्या. "पेशंट झोपत न्हाय. बारका करता येतो, नर्सला ठावं न्हाय." मी नर्सला सांगितलं. तिनं केला. त्यांनी डोळे मिटले. त्या आठवड्यात त्या गेल्या. पन्नासही पुरी नव्हती.

कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. विभागप्रमुखांनी लिहिलं, 'संस्थेची मोठी हानी.' दहनाला त्यांच्यातलं कुणी नव्हतं. बायका होत्या, पंचवीसेक, कोऱ्हाळ्यापासूनच्या.

निकाल त्यानंतर आला. अर्ज फेटाळला होता. शोध अर्जाच्या तारखेआधीच सार्वजनिक वापरात होता, असं अधिकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. ताई जिंकल्या होत्या. मी तो आदेश पहिल्या पानापासून वाचला. अर्जदार म्हणून संस्था, शोधक म्हणून सात नावं, माझ्यासकट. विमल राऊत हे नावही होतं, अनेकदा होतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यापुढं एकच शब्द: विरोधक. त्यांनी जे मागितलं तेच त्यांना मिळालं, हे मला कळतं. तरी सरकारी दफ्तरात शोधक म्हणून चोरांची नावं राहावीत आणि जिनं शोध लावला ती शोधाला विरोध करणारी बाई म्हणून राहावी, हे मला गिळता आलेलं नाही. त्या सातांपैकी एकाचंही आज कुठं काही अडलेलं नाही. दोघांना बढती मिळाली. त्यांच्या माहितीपत्रकात अजून 'एक पेटंट' असं छापलेलं आहे.

आदेश घेऊन मी निमगावला सोनाबाईंकडे गेलो. त्या ओसरीत गहू निवडत होत्या. मी समोर बसलो आणि तोंड दिसेल असं सावकाश सांगितलं, की ताई जिंकल्या, आता डबी कुणाच्याच मालकीची नाही. त्यांना कळलं. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. वाचता येत नव्हतं.

"हिचं नाव हाय व्हय ह्यात?"

मी मान डोलावली आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"मग ती मानसं आली न्हाईत ती? चुकलं म्हनून सांगाया?"

मी नाही अशी मान हलवली. सावकाश म्हणालो, "कुणी येणार नाही, आई. मी आलोय."

सोनाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. ताईंनी त्यांना कधीतरी फोनवर तो फ्लेक्सचा फोटो दाखवला असणार. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या नुसतं खात्री करून घेत होत्या, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.

"तूबी त्यातलाच न्हवं का रं?"

मी हो म्हणालो. माझा आवाज त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि तोंडही मी खाली घातलं होतं. म्हणून मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा सांगितलं.